आयोडीन वितळलं, असं कुठे लिहिलंय?

शनिवार, १७ जानेवारी. सकाळी धुकं, प्रबळगड दिसला नाही. दुपारी कोरडं ऊन, वारा पडलेला. संध्याकाळी पुन्हा गारठा.

प्रयोगशाळेतल्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही, त्या आपोआप साठतात. कपाटाच्या आतल्या बाजूला तपकिरी थर बसतो ना, तसंच. आज एक डाग, पुढच्या सत्रात दुसरा, आणि एक दिवस दार उघडावं तर सगळं कपाटच त्या रंगाचं! आमच्या नवीन पनवेलच्या शाळेत हे सगळे डाग एकाच पदार्थाचे आहेत. आयोडीनचे. नववीचं विज्ञान आम्ही तिघं शिकवतो. विभागप्रमुख म्हात्रे सर, परवीन मॅडम आणि मी. गेल्या काही महिन्यांत आमच्या चहाला दुसरा विषय मिळालेला नाही.

भांडण एका वाक्याचं आहे. रोशनी नावाची नववीतली मुलगी नेऱ्याहून बसने शाळेत येते. तिने प्रयोगवहीत लिहिलं, 'आयोडीन आधी वितळलं, मग उडालं.' आणि हेच वाक्य घेऊन तिला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात उभं राहायचं होतं. तिथे क्रमांक आला तर पुढे जिल्ह्याला. बस, एवढीच मागणी. एवढ्यासाठी मोठी मोठी माणसं कशी बिथरली, ते ऐका.

*

आधी आमची पद्धत सांगायला हवी. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार मथळे असतात. हे चारही मथळे म्हात्रे सर वर्गातच लिहून देतात, कारण प्रयोगशाळेत टेबल एकच आणि तुकड्या चार. प्रयोगाची पाळी पुढे कधीतरी येते. म्हणजे मुलं प्रयोगशाळेत शिरतात तेव्हा आपल्याला काय दिसणार आहे हे त्यांच्या वहीत आधीच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं! याला आमच्याकडे 'वही पूर्ण असणं' म्हणतात.

रोशनीने निरीक्षणाच्या ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. मी विचारलं, "का गं?" तर म्हणे, "अजून बगितला नाय ना, बाई."

प्रयोग झाला. परीक्षानळीत आयोडीनचे करडे, चकाकणारे स्फटिक, तोंडाला कापसाचा बोळा, खाली स्पिरिटचा दिवा. जांभळी वाफ वर चढली, मुलांनी "आऽऽ" केलं, आणि वरच्या गार काचेवर पुन्हा नवे स्फटिक बसले. पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. स्थायूचा द्रव न होता एकदम वायू होतो, ते संप्लवन. सगळ्यांच्या माना वर, वाफेकडे. रोशनी एकटी खाली, नळीच्या तळाशी बघत होती.

"सर, पानी झाला. काला पानी. हलतंय बगा."

म्हात्रे सर मूळचे इथलेच. वर्गात पुस्तकी मराठी बोलतात, चिडले की गावची भाषा बाहेर येते.

"पुस्तकात काय लिवलंय?"

"पुस्तकात नाय, सर. नलीत हाय."

सरांनी तिच्या वाक्यावर लाल फुली मारली. मला राहवलं नाही. मी वर्गाला विचारलं, "तळाशी द्रव कुणाकुणाला दिसला?" जवळजवळ सगळे हात वर!

"अरे, मग लिहिलं का नाही कुणी?"

पहिल्या बाकावरचा मुलगा उठला. नेहमी पहिला येणारा. म्हणाला, "बाई, आमचं निरीक्षण आधीच पूर्ण झालं होतं!"

*

मी सरांना म्हटलं, आपण तिघं बसून पुन्हा करून बघू. सर कबूल झाले. वर्गासाठी वेगळ्या कुपीत काढलेलं आयोडीन संपलं होतं, आणि मोठ्या बाटलीची पेटी उघडेना!

या पेटीची गोष्ट वेगळीच आहे. गेल्या वर्षी संस्थेकडून एक तपासनीस आले होते. त्यांनी आयोडीनची बाटली उजेडात धरली. "ही अर्ध्यावर कशी आली?"

परवीन मॅडम म्हणाल्या, "उडालं, सर."

"उडालं? झाकण आहे की!"

"झाकण जुनं आहे, त्यातून जातं. आयोडीनला तापवावंच लागतं असं नाही. नुसत्या हवेतही थोडं थोडं उडत राहतं."

"मॅडम, मी कॉमर्सचा असेन, पण खुळा नाही. कुणीतरी घरी नेतंय."

परवीन मॅडम इतक्या शांत बाई, पण त्या दिवशी त्यांचे कान लाल झाले. "घरी नेऊन मी काय करू साहेब, फोडणीला घालू?"

साहेबांनी हुकूम काढला. बाटली लोखंडी पेटीत, पेटी कपाटात, पेटीला कुलूप. आयोडीनच्या वाफेने लोखंड गंजतं, हे आम्ही तेव्हाही सांगितलं. ऐकतो कोण! आता वर्षाने बघतो तर कुलूप गंजून एकजीव झालेलं, किल्ली आतच फिरेना. शेवटी करवतीचं पातं आणून कापलं. आत पेटीचे बिजागर खाल्लेले, कागद तपकिरी, आणि बाटलीतलं आयोडीन आणखी खाली गेलेलं.

आम्ही सगळं रीतसर कळवलं. उत्तर आलं, 'कुलूप असूनही चोरी चालूच असल्याचे दिसते. अधिक भक्कम कुलूप लावावे.'

*

तर पेटी फुटली आणि आम्ही तिघं शाळा सुटल्यावर खिडक्या उघड्या टाकून बसलो.

पहिल्या नळीखाली मी ज्योत लांबच धरली. थोडी धरायची, काढायची, पुन्हा धरायची. स्फटिक कोरडेच राहिले आणि त्यांच्यातून जांभळी वाफ निघत राहिली. द्रवाचा पत्ता नाही. सरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका!

दुसऱ्या नळीखाली ज्योत सरळ लावली. वर्गात लावतो तशी. आधी स्फटिकांच्या कडा ओलसर दिसल्या. मग कडा बसल्या, सगळे एकमेकांत मिसळले आणि तळाशी एक काळा थेंब तयार झाला. नळी कलती केली की थेंब चालायचा. जांभळी वाफ त्या थेंबातून निघत होती. मग तापत्या तेलात नळी बुडवून, शेजारी थर्मामीटर लावून बघितलं. एकशे चौदा अंशांच्या आसपास पुन्हा तोच थेंब.

सरांनी थर्मामीटरचा आकडा दोनदा वाचला.

मी म्हटलं, "सर, मंद तापवलं तर द्रव न होताच वाफ होते. जोरात तापवलं तर आधी द्रव, मग वाफ. दोन्ही खरं."

"दोनी खरा," सर म्हणाले.

"मग तिच्या वहीतली फुली काढा."

"काढू कशी? उत्तरसूची एकच हाय!"

*

त्याच संध्याकाळची गोष्ट. त्या दिवशी सरांची एकादशी होती. प्रयोग आवरला, सरांनी बोटं नळाखाली धरल्यासारखी केली आणि डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी. पहिला घास उचलला आणि थबकले. जिथे बोट लागलं तिथे खिचडी निळी-काळी!

सरांनी तडक घरी फोन लावला. स्पीकरवर.

"गो, खिचडीत काय टाकलास तू?"

"काय टाकनार? दान्याचा कूट."

"निली पडली ती!"

"कवा?"

"आता. हात लावला नि पडली."

"मंग हाताला इचारा! मला काय इचारता?" आणि फोन बंद.

परवीन मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, साबुदाणा म्हणजे स्टार्च. स्टार्चला आयोडीन लागलं की निळाच रंग येणार. आपणच शिकवतो की."

सर उसळले. "ते मला ठाऊक हाय! पण ते पुस्तकात. हा माजा डबा हाय!"

*

मग शाळेत डिजिटल फळा आला. तो विकणारा तरुण टाय लावून आला होता आणि प्रयोगशाळेकडे बघून त्याने जे तोंड केलं, ते मी विसरणार नाही. "मॅडम, आता हे सगळं काढून टाका. वास नको, काचा नको, रिस्क नको. सगळे प्रयोग व्हिडिओत!"

नववीचा वर्ग बसवला होता. योगायोगाने त्याने संप्लवनच लावलं. मोठ्या पडद्यावर परीक्षानळी, ज्योत, जांभळी वाफ, आणि मागून भारदस्त आवाज, 'येथे आयोडीन द्रवरूप न होता थेट वायुरूपात जाते.'

"सर, थांबवा ना जरा," मागून आवाज आला. रोशनी. "मागं घ्या. आता मोठा करा. खाली बगा, तलाला."

पडद्यावर हाताएवढी नळी आणि तिच्या तळाशी काळा, चकचकीत द्रव! भारदस्त आवाज अजून 'द्रवरूप न होता' म्हणतच होता.

टायवाल्याने मान तिरकी करून पाहिलं. "ती सावली आहे, बेटा. लायटिंगमुळे पडते."

"सावलीला बुडबुडे येतात, सर?"

वर्ग फुटला. टायवाला घाम पुसत म्हणाला, "यावर फीडबॅकची सोय आहे." फळा शाळेने घेतला. व्हिडिओ अजून तोच आहे.

*

ही बातमी पालकांच्या ग्रुपवर गेली आणि तिथे आग लागली. एका वडिलांनी लिहिलं, 'मुलांना कन्फ्यूज करू नये. परीक्षेत काय लिहायचं तेवढंच शिकवा.' दुसऱ्या आईने लिहिलं, 'दोन उत्तरं असतील तर पाठ कुठलं करायचं?' त्याखाली अंगठ्यांची रांग! आयोडीन वितळतं का, हे एकानेही विचारलं नाही. एकानेही!

मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, घाबरल्या. रोशनीला बोलावून म्हणाल्या, "तुला प्रदर्शनाला पाठवू. छान बोलतेस तू. फक्त ते एक वाक्य बदल."

"वाक्य बदलला तर मी काय दाखवू, बाई?"

"जांभळी वाफ दाखव की. सुंदर दिसते."

"मंग मी नाय जात," असं म्हणून ती वर्गात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ती नेऱ्यालाच एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला असते. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"पोर घरी येऊन रडली. माजी पोर खोटा बोलते, असा तुमचा म्हनना हाय का?"

"छे छे," मोठ्या बाई म्हणाल्या, "खोटं नाही बोलत ती."

"म्हंजे खरा बोलते."

"हो, खरं आहे. पण..." बाईंनी शब्द शोधला. "खरं आहे हो, पण बरोबर नाही!"

त्या माऊलीने माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, ह्या काय बोलल्या?"

मराठी मलाही येतं. पण सांगता आलं नाही.

तेवढ्यात दारात उभे असलेले म्हात्रे सर आत आले, टेबलावरचा प्रवेशअर्ज ओढला आणि विभागप्रमुखाच्या जागी सही केली. "जाऊ दे तिला. वाक्य तिचा, सही माजी. कोन काय बोलला तर मला इचारा."

मला इतकं बरं वाटलं! वहीतली फुली मात्र त्यांनी अजून काढलेली नाही. ती वेगळी बाब आहे, म्हणतात.

*

प्रदर्शनासाठी फ्लेक्स लागतो. पनवेल गावात फ्लेक्सच्या दुकानात मी स्वतः मजकूर दिला. स्वतःच्या अक्षरात, काना-मात्रेसकट तपासून. काल संध्याकाळी फ्लेक्स हातात आला. रंग झकास, चित्र झकास, आणि मधोमध ठसठशीत अक्षरात, 'आयोडीन द्रवरूप न होता थेट वायुरूप होते!'

मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत?"

दुकानदार खुशीत. "मॅडम, तुमची चूक झाली होती. घाईत असाल. माझी मुलगी दहावीला आहे, तिला दाखवलं. ती म्हणाली, बाबा, हे उलटं लिहिलंय. मी सुधारून दिलं!"

"पण मी जे दिलं होतं तेच बरोबर होतं."

त्याने मला नीट न्याहाळलं. मग आवाज उतरवून, अगदी आपुलकीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही कुठल्या शाळेत असता? नाही, मुलीला तिथे घालायची नाही म्हणून विचारतो."

नवा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता. रोशनीने पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, तिच्यावर मार्करने आपलं वाक्य लिहिलं आणि त्या ठसठशीत अक्षरांवर चिकटवली.

*

आज प्रदर्शन. आमचं टेबल खिडकीजवळ मागून घेतलं होतं. रोशनीने दोन नळ्या शेजारी शेजारी लावल्या होत्या, एक मंद आचेची, एक जोराच्या. केस घट्ट बांधलेले. सर तिच्या मागे उभे, मी बाजूला.

परीक्षक आले. निवृत्त मुख्याध्यापक, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. त्यांनी आधी पट्टी वाचली. मग पट्टीचं टोक नखाने उचलून खालची छापील अक्षरं वाचली.

"बाळा, छापलेलं बरोबर आहे. त्यावर हे का चिकटवलंस?"

"दाखवते, सर."

तिने दिवा दुसऱ्या नळीखाली सरकवला. कडा ओलावल्या, स्फटिक बसले, थेंब झाला. तिने नळी चिमट्यात धरून कलती केली. थेंब चालला.

परीक्षक म्हणाले, "आयोडीन अशुद्ध असेल."

म्हात्रे सरांनी बाटली पुढे केली. "नवी बाटली. सील आज सकाळी फोडला."

"मग आच जास्त झाली. जरा हळू तापव की, म्हणजे वितळणार नाही!"

"सर," रोशनी म्हणाली, "ते वितलतच नाय, तर हलू कशाला तापवायचा?"

शेजारच्या टेबलावरची मुलं हसली. परीक्षकांनी पेन काढलं, पाठीवर पुठ्ठा असलेल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. म्हात्रे सर इतके संतापले की वर्गातली भाषा पार विसरले. ते काय म्हणाले, ते मी इथे लिहीत नाही.

गुणांचे कागद कार्यालयात जमा झाले. मुलांना वडापाव वाटले. आम्ही सामान आवरायला घेतलं होतं, तेवढ्यात ते परीक्षक पुन्हा आले. एकटेच. हातात पुठ्ठा नाही, पेन नाही.

"पुन्हा एकदा करून दाखवतेस?"

रोशनीने वडापाव बाजूला ठेवला, हात पुसले, नळीत नवे स्फटिक टाकले, दिवा लावला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि टेबलावर हात टेकून इतके वाकले की मला म्हणावं लागलं, "सर, वाफ घशाला लागेल, जरा मागे." ते मागे झाले नाहीत. थेंब झाला.

"नेहमी होतं असं?"

"नेहमी, सर."

त्यांनी तिच्या हातून चिमटा घेतला. नळी एका बाजूला कलवली. थेंब त्या बाजूला गेला. दुसऱ्या बाजूला कलवली. थेंब परत आला. मग पुन्हा एकदा. आच गेल्यावर थेंब जागच्या जागी गोठला आणि त्याच्यावर करडी चकाकी आली. त्यांनी नळी जपून स्टँडला लावली, मागे वळले आणि व्यासपीठावर जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

निकाल त्यांनीच वाचला.

प्रथम, ठिबक सिंचनाची प्रतिकृती. द्वितीय, भूकंपाची घंटा. तृतीय, सौर चूल. आमच्या शाळेला क्रमांक नाही. रोशनीचे गुण : मांडणी, दहापैकी आठ. कृती, दहापैकी दहा. निरीक्षण, दहापैकी शून्य.